देवणी गोपालन, खतधंदा आणि मनाचे स्वास्थ्य

लातूर जिल्ह्यातील देवणी या गावाच्या नावानेच तेथील गोवंश देशभर ओळखला जातो. वानेरा, बालंक्या व शेवरा असे त्याचे तीन प्रकार असून ओढकाम व दूध या दोन्ही कामी ही जनावरे उपयोगी पडतात. गाय एका वितात सरासरी ८०० ते ९०० किलो दूध देते. तेव्हा केवळ दुधावर धंदा उभारणाऱ्याचा हिशेब जुळणे कठीण. शेणखत, गांडूळखत, गोबर गॅस आणि खोंडांची विक्री यांची जोड दिली तरच तो जुळतो.

जमिनीचा कस वाढविणारा हा जोडधंदा सर्वथा स्वागतार्ह होय. तथापि जमिनीची काळजी वाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनावर जो भार पडतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

या भाराचे मूळ असे की, अशा धंद्यात कष्ट व खर्च आधी येतात आणि मोबदला मागाहून. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांच्या जमिनीस साधारणतः २ वर्षे व फळबागेस ३ वर्षे संक्रमणकाळ पाळावा लागतो. त्या अवधीत उतारा बहुधा घटतो आणि मालास बाजारात मात्र साधाच भाव मिळतो. सोसायटीचे व्याज थांबत नाही, शेजारीपाजारी हसतात. त्यात पावसाचा भरवसा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी गांडुळांच्या वाफ्यावर शिंपडण्यास पाणी कोठून आणावे या विवंचनेने झोप उडाली, तर त्यास मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

यास्तव धंद्याचा आकार घरातील माणसे, जनावरे व पाणी पाहूनच ठरविला पाहिजे. २ घनमीटरच्या गोबर गॅस संयंत्रास रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते, म्हणजे दावणीला चारपाच मोठी जनावरे हवीत. ज्याच्याकडे दोनच आहेत, त्याने अनुदानाच्या मोहाने ते बांधले की तो रोज सकाळी टोपले घेऊन दारोदार शेण मागत फिरणार! गांडूळखताचेही तसेच आहे. प्रथम एकच वाफा करावा व तोही सावलीत. ताजे शेण तापते आणि त्यात सोडलेली गांडुळे मरतात, म्हणून ते पंधरा दिवस निववून मगच वापरावे. उन्हाळ्यात वाफ्यावर ओली पोती अंथरावी. पहिल्या वर्षीचे सर्व खत स्वतःच्या रानात घालावे. विक्रीचा करार करून मनास घोर लावून घेऊ नये. जमीनही एकदम सगळी न पालटता चौथा हिस्सा पालटावी. उरलेल्या रानातील सोयाबीन, तूर व हरभरा यांवर घर चालते आणि नव्या प्रयोगाकडे शांतपणे पाहता येते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. शेण भरणे, वाफा ओला ठेवणे, वासरांची निगा ही कामे बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्यास येतात. नवा धंदा काढताना त्यांचे मत विचारले जात नाही, आणि दमणूक मात्र त्यांचीच होते. आठवड्यातून एक दिवस कोणते काम कोण करील हे घरात बसून आधीच ठरवावे. बैलास पोळ्याला सुट्टी मिळते. माणसालाही ती हवी. या भागात वेळ अमावस्येला सारे घर रानात जाऊन कडब्याच्या कोपीजवळ पूजा करते, भज्जी व आंबील यांचा आस्वाद घेते आणि वाटसरूलाही पंक्तीस बसविते. ज्या रानात एरवी केवळ काळजी दिसते, तेथे त्या दिवशी गोतावळा दिसतो. धंद्याच्या धांदलीत ही प्रथा कधीही सोडू नये.

एकाकीपणा हा कर्जाइतकाच घातक असतो. सहभागी हमी पद्धतीने प्रमाणीकरण करण्यासाठी किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो. त्या गटाने एकमेकांचे शिवार पाहावे, हे तर नियमातच आहे. त्याबरोबर एकमेकांची घरेही पाहावी. ज्याचा उतारा सर्वांत कमी, त्याच्याकडे आधी जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास भेटताना खताचा खड्डा पाहून परत फिरू नये. तो बैठकीस येईनासा झाला आहे काय, त्याचे जेवण व झोप कमी झाली आहे काय, आवडती जनावरे अकारण वाटून टाकीत आहे काय, ‘माझ्यामागे घराचे पाहा’ अशी भाषा करीत आहे काय, इकडे लक्ष द्यावे. संशय आल्यास जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे एकांतात पण स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलल्याने पुष्कळदा ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी असेल तर त्यास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके तात्काळ दुसऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवावी आणि घरच्यांना सांगून त्यास सरकारी रुग्णालयात न्यावे. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो व तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक सोसायटीच्या, दूध संकलन केंद्राच्या व चावडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा.