खिशातील मैफल

म्हैसूरच्या हेब्बाळ परिसरात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे. घरापासून दूर, अशा ठिकाणी शिकणाऱ्या मराठी तरुणाने पहिल्या पगारातून म्युझिक प्लेअर घ्यावयाचे ठरविल्यास निवड कशी करावी?

२००१ मध्ये ५ जीबी क्षमतेचा आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. २०२२ मध्ये आयपॉडचे पर्व संपले. बहुतेकांचे संगीत मोबाइलमध्ये विसावले. तथापि फोनच्या व्यत्ययाविना ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्लेअर आजही मिळतात.

प्रथम साधा हिशेब मांडावा. १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्री संगीताला मिनिटास सुमारे १ एमबी जागा लागते. सीडीच्या मूळ स्वरूपात सुमारे १० एमबी. म्हणजेच ३२ जीबीमध्ये पहिल्या प्रकारचे ५०० तासांहून अधिक, तर दुसऱ्या प्रकारचे जेमतेम ५० तासांचे संगीत मावते. ‘फ्लॅक’ पद्धतीत दर्जा न गमावता जागेची मोठी बचत होते; मात्र प्लेअरमध्ये तशी सोय हवी.

ख्यालाच्या श्रोत्याने आणखी एक परीक्षा घ्यावी. विलंबित आणि द्रुत वेगळ्या फायलींत असल्यास मध्ये खंड पडता कामा नये. मेमरी कार्डाची सोय, बॅटरी बदलून मिळण्याची खात्री, हमीपत्र व पक्की पावती याही बाबी पाहाव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच ऐकावा. प्लेअर पुन्हा विकत घेता येतो. श्रवणशक्ती मात्र आयुष्यभराची ठेव आहे. ती मुदतीपूर्वी मोडू नये.