एकराची बाजू

बुलढाणा जिल्ह्यात जमीन बोलण्यात एकर-गुंठ्यांत येते आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट; आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस. क्षेत्र कळले असताना त्याच्या चौरसाची बाजू शोधणे, हेच वर्गमूळ. शाळेत मात्र जोड्या पाडून करायचा लांबलचक भागाकार आधी येतो आणि ही बाजू मागेच राहते. वर्गमूळ ही आधी लांबी आहे, आकडेमोड नंतरची, असे माझे ठाम मत आहे.

एकरात ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आता चौरस एकराची बाजू किती? ३३ फुटांची एक साखळी धरली, तर सहा साखळ्यांच्या चौरसात ३६ गुंठे बसतात, सातांच्या चौरसात ४९. उत्तर मधले, सुमारे ६.३२ साखळ्या, पण ४० हा पूर्ण वर्ग नसल्याने दशांश कधीच संपत नाहीत. यावर आक्षेप येतो, की न संपणारा आकडा ही खरी लांबी कशी? शेतातच पाहावे. एका खुंटीपासून सहा साखळ्या सरळ जा, काटकोनात वळून आणखी दोन जा आणि शेवटच्या जागेपासून पहिल्या खुंटीपर्यंत दोरी ताणा. ३६ आणि ४ मिळून ४०; ताणलेली दोरी हीच एकराची नेमकी बाजू. आकडा संपत नाही, दोरी मात्र दोन्ही टोकांना खुंटीवर संपते. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अशाच काटकोन त्रिकोणाच्या संदर्भात उपाय दिला: संख्येला मोठ्या वर्गाने गुणा, मूळ काढा, मग त्या वर्गाच्या मुळाने भागा. ४० ला १०,००० ने गुणून आलेल्या चार लाखांचे मूळ ६३२ च्या किंचित पुढे. शंभराने भागले की ६.३२. एवढ्या बाजूत चूक दोन इंचांहूनही कमी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: शेते चौरस कुठे असतात? लोणारचे विवर तर जवळपास गोलच. पण त्याच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर धरला, तर तेवढ्याच क्षेत्राच्या चौरसाची बाजू सुमारे १.६ किलोमीटर निघते आणि आकार वेगळा असूनही विस्तार डोळ्यांपुढे येतो. चौकोनी शेताला तर वर्गमूळ थेट खर्च सांगते. चौरस एकराला सुमारे ८३५ फूट कुंपण पुरते. ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टीही एकरच, पण तिला १,४५२ फूट लागते. एकरभर चौकोनी शेताला चौरसाहून कमी कुंपण पुरतच नाही. चार एकरांचा चौरस चार भावांत चार सारखे चौरस पाडून वाटला, तर प्रत्येकाची जमीन चौथाई होते, पण बाजू निम्मीच होते. म्हणून प्रत्येकाने आपापले वेगळे कुंपण घातले, तर एकूण तार दुप्पट लागते. मोबाइल वर्गमूळ क्षणात काढून देतो, हे खरे. पण धुरा, म्हणजे शेताचा बांध, टाकण्याआधी ते काढून पाहावे, हे बाजूचा अर्थ कळलेल्यालाच सुचते.