ठाण्याची डायरी, माझी डायरी

पहाटे 5:50
गुरुमंदिराच्या बाजूने आरतीचे सूर येत असतात आणि मी फोन उघडतो. दैनिकाच्या तालुका प्रतिनिधीची सकाळ अशीच सुरू होते. आज ओळखीच्या एका मामाचे दोन निरोप आहेत. रात्री 2:14 चा : "भाऊ, भाच्याले घरून उचललं." पहाटे 5:31 चा : "सोडलं. हात सुजला हाय. कागद काई देला नाई." मामाचं घर इथे, माझ्या कारंज्यात; पोरगा दुसऱ्या तालुक्यातला, ठाणंही तिथलंच. दोन्ही वेळा वहीत उतरवतो. बातमी होईल की नाही, ते नंतर पाहू. वेळ मात्र आत्ताच लिहायची, कारण दुपारपर्यंत "दोन-अडीच वाजता" होतं आणि संध्याकाळपर्यंत "मध्यरात्री कधीतरी".

सकाळी 7:15
बसस्थानकासमोर पेपरचे गठ्ठे सुटतात, चहा उकळतो. या गावातला सगळ्यात जुना वार्ताहर म्हणजे 'म्हणे'. आज त्याची बातमी अशी, की वेशीच्या आतल्या एका गल्लीत रात्री दगडफेक झाली म्हणे, दोनशेचा जमाव होता म्हणे. दिल्ली, पोहा, दारव्हा आणि मंगरूळ अशा चार वेशींच्या या गावात 'म्हणे' एका वेशीतून शिरतो आणि दुसरीतून बाहेर पडेपर्यंत दुप्पट होतो.

सकाळी 8:00
गल्लीत जाऊन पाहतो. फुटलेला एक दिवा, आडवी पडलेली मोटारसायकल आणि दोन घरांतली तोंडं फुगलेली माणसं. गाडी दारात लावण्यावरून भांडण झालं होतं. गल्ली इतकी अरुंद, की दोनशे माणसं उभीच राहू शकत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. मी माणसं मोजली, सतरा भरली. त्यातली निम्मी सोडवायला आली होती.

13 मे 2023 च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. अकोला इथून लांब नाही. त्यामुळे सतराला सतराच लिहिणं हे माझ्या कामातलं निम्मं काम आहे.

सकाळी 10:30
रोजच्या बातम्यांसाठी ठाण्यात चक्कर. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आपला नंबर लागेपर्यंत बसायचं. ठाण्यालाही दिनक्रम असतो, त्याचं नाव स्टेशन डायरी. कोण आलं, कोण गस्तीला गेलं, कोणाला आणलं, सगळं वेळेनिशी. रात्रभर बंदोबस्त करून आलेला शिपाई बाकावरच पेंगत होता. त्याच्या ड्युटीचे तास कोणी मोजत नाही, हेही मी लिहितो. पोलिसांच्या चुका लिहिणाऱ्याने त्यांचे हाल पाहिलेच नसतील, तर त्याची वही अर्धीच राहते.

दुपारी 12:30
पोराची आई आणि मामा येतात. पोरगा बाविशीतला, मनगट सुजलेलं. मोहल्ल्यात भांडण झालं, त्यात याचं नाव कोणीतरी घेतलं. ठाण्यातून आईला सांगितलं गेलं, "घरी घेऊन जा, विषय वाढवू नका." तिची तक्रार कोणी घेतली नाही.

"भाऊ, आधी पेपरात टाका," आई म्हणते.

"मावशी, आधी दवाखान्यात जाऊ."

सूज चार दिवसांत उतरते. सरकारी दवाखान्यातला एमएलसीचा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचा कागद उरतो. मग अर्ज. मी सांगतो, मामा लिहितो : किती वाजता आले, किती जण होते, गाडी कोणती, अंगावर नावाची पट्टी होती का, कुठे बसवलं, कधी सोडलं. शिव्या कापायला लावतो, वेळा वाढवायला लावतो.

'उचललं' हा शब्द कायद्यात नाही. 'चौकशीकामी बोलावलं' असं ठाणं म्हणतं, तर कायदा विचारतो, नोटीस कुठे आहे? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अटक केली तर कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची आणि 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे सगळं आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली, तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच सांगितलं. ठाण्याने घेतलंच नाही, तर याच संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकारी. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण वेगळंच.

अर्जाची शेवटची ओळ मी मुद्दाम घालायला लावतो : "सदर वेळेचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करावे." 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतलं चित्रण 18 महिने, आणि ते शक्यच नसेल तर निदान वर्षभर ठेवायला सांगितलं आहे. पण कोणत्या रात्रीचं, किती वाजताचं, हे मागणाऱ्याने सांगावं लागतं.

दोन प्रती. एक आवक विभागात, दुसरीवर पोच. शिक्का, सही, तारीख.

"आणि वेळ?" मामा विचारतो. शिकला!

दुपारी 3:40
दुसरी बाजू. त्या ठाणेदारांना फोन लावतो.

"तसं काही झालं नाही. चौकशीला बोलावलं होतं, गेला परत."

"साहेब, किती वाजता बोलावलं?"

थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. "डायरी पाहून सांगतो."

बरं. मीही माझी डायरी उघडीच ठेवतो.

सायंकाळी 5:30
लिहायला बसतो. पूर्वी एकदा प्रेसनोटमध्ये 'किरकोळ वाद' वाचून मी तसंच छापलं होतं. तो वाद किरकोळ नव्हता, आणि ज्याचं डोकं फुटलं त्याने बातमीचं कात्रण माझ्या दारात आणून ठेवलं. तेव्हापासून विशेषणं मी ठाण्याकडून घेत नाही, आणि तक्रारदाराकडूनही नाही.

अशा वेळी परभणी आठवतेच. 10 डिसेंबर 2024 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तिथे विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, तोडफोड, जाळपोळ आणि पाठोपाठ धरपकड. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. आधी छातीत दुखल्याचं सांगण्यात आलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण आलं. गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला तो 4 जुलै 2025 ला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो 30 जुलैला कायम ठेवला. मुलगा गेल्यावर नुसता गुन्हा नोंदवा, एवढं ऐकायला आईला कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि त्यात साडेसहा महिने गेले. रस्त्यावरची जाळपोळ खोटी नव्हती आणि कोठडीतला मृत्यूही खोटा नव्हता. एक लिहिलं म्हणून दुसरं झाकायचं नसतं.

माझी बातमी आठ ओळींची होते. पोराचं नाव नाही, जात-धर्म नाही. शेवटची ओळ : "सायंकाळी सहापर्यंत ठाण्याकडून वेळेबाबत माहिती मिळाली नाही."

रात्री 8:10
अपेक्षित फोन. ठाण्याचा नव्हे, मधल्या माणसाचा. "भाऊ, कायले लफड्यात पडता? जाहिराती बी पाहा लागतात ना." मी हसून जेवायला बसतो. पत्रकारावर हल्ला झाला, तर त्यासाठी 2017 चा राज्याचा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, तपास उपअधीक्षकाखालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. पण असल्या गोड फोनसाठी कुठलं कलम नाही. तोही वहीत जातो, 8:10.

रात्री 10:25
शेजारच्या गल्लीत वरातीचा डीजे. दहानंतर बंद हवा. शेजारी म्हणतात, "तुम्हीच सांगा साहेबांना." मी म्हणतो, 112 लावा, तुमच्याच फोनवरून. वार्ताहराच्या ओळखीने थांबलेला डीजे उद्या पुन्हा वाजतो. नागरिकाच्या फोनची नोंद राहते. 10:41 ला गाडी येते. 10:46 ला शांतता. पोलीस वेळेत आले, हेही वहीत.

रात्री 11:35
ठाणेदारांचा फोन अजून नाही. मामाचा निरोप आहे, पोच मिळाल्याच्या फोटोसकट. शिक्का पुसट आहे, सही कोणाची ते वाचता येत नाही. पण कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलंय : सायं. 4:20.

वाचकहो, बातमी छापून येईल, न येईल. तुम्ही ठाण्यात गेलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि तिच्यावर वेळ लिहून घ्या.