हवेत हरवलेला तुकडा

समजा, एक्स-रे शहरात काढला आणि त्याचा फोटो पिशोरला मोबाइलवर यायचा आहे. डॉक्टर वाट पाहताहेत.

फोटो एकसंध येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. मोठ्या फोटोचे हजारभरही होतात. प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. तुकडा मिळाला की मोबाइल उलट पोच देतो. पोच गेली नाही, तर तो तुकडा पुन्हा पाठवतात. म्हणून फोटो उशिरा येईल, पण फाटका येणार नाही.

आता गंमत ऐका. पोच आली नाही की पाठवणारे यंत्र समजते, वाटेत गर्दी झाली. मग ते आपला वेग एकदम कमी करते. १९८६ साली अमेरिकेत तारांचे जाळे असेच तुंबले होते, त्यातून हा नियम आला. तारेच्या वाटेला तो ठीक आहे. बाजाराच्या दिवशी रस्ता तुंबला, तर आणखी गाड्या घालून काय उपयोग?

पण टॉवरपासून मोबाइलपर्यंतची वाट हवेतली. तिथे गर्दी नसतानाही तुकडा हरवतो. मध्ये डोंगर येतो, भिंत येते. अशा वेळी वेग कमी करणे म्हणजे मोकळ्या रस्त्यात बैल सोडून बसणे!

नागपुरात जन्मलेले हरी बालकृष्णन आणि त्यांचे सोबती यांनी १९९५ साली अमेरिकेत बर्कले येथे यावर तोड काढली. टॉवरपाशी तुकड्यांची नक्कल ठेवायची. हवेत तुकडा हरवला, तर तिथूनच पुन्हा द्यायचा. दूरच्या यंत्राला पत्ताच लागू द्यायचा नाही. आजच्या ४जीमध्येही टॉवर आणि मोबाइल हरवलेला तुकडा आपसांतच भागवून घेतात.

रेंजच गेली, तर मात्र नक्कल काय करणार? मग माळवदावर जाऊन उभं राहावं लागतंच.