दीनदयाळ, राजा

दीनदयाळ, राजा : (१८४४–१९०५). विख्यात भारतीय छायाचित्रकार. जन्म मीरतजवळील सरधना येथे एका जैन सराफ कुटुंबात. रुडकीच्या टॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास प्रारंभ केला. दुसरे तुकोजीराव होळकर व ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांस उत्तेजन दिले.

त्यांची आरंभीची कामगिरी मुख्यत्वे वास्तुचित्रणाची आहे. सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत मध्य भारताचा दौरा करून त्यांनी टिपलेली छायाचित्रे फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया (१८८६) या ग्रंथात समाविष्ट झाली. वास्तूची मांडणी, प्रमाणबद्धता व कोरीव काम स्वच्छ दिसावे, ही अभियंत्याची दृष्टी त्यांत प्रकर्षाने जाणवते.

पुढे हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली व ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब त्यांना मिळाला. या काळात त्यांच्या शैलीला नवे वळण लागले. दरबार, शिकारी व मेजवान्या यांच्या चित्रणाबरोबरच चित्रशाळेतील व्यक्तिचित्रणात त्यांनी प्रावीण्य मिळविले. रंगविलेले पडदे, निवडक आसने व सौम्य प्रकाश यांच्या योजनेतून व्यक्तीचा दर्जा ते सूचित करीत. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी स्वतंत्र जनाना चित्रशाळा काढली व ती एका ब्रिटिश स्त्रीकडे सोपविली. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांची चित्रशाळा सुरू झाली.

तत्कालीन निजामी राज्यातील मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांची वेरूळ व दौलताबाद येथील छायाचित्रे महत्त्वाची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळनिवारणाच्या कामांचीही त्यांच्या संस्थेने छायाचित्रे घेतली. साहाय्य देणाऱ्या राज्यासाठीच ती काढली गेल्यामुळे त्यांत व्यवस्थेचे दर्शन घडविण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. तथापि एरवी ज्यांची छबी कोणी टिपली नसती, अशा कृश, अनाम माणसांचे चेहरे त्यांमुळेच टिकून राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने ती वापरताना या दोन्ही बाजू ध्यानी घ्यावयास हव्यात.

त्यांच्या संस्थेच्या काचेवरील २,८५७ व्यस्त प्रती १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संपादन केल्या. संस्थानी भारताचे राजवैभव व त्याच्या छायेतील दैन्य, या दोहोंची साक्ष एकाच छायाचित्रकाराच्या कामातून मिळावी, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.