पहिली जलसफर आणि बक्षिसीचा हिशेब

गेल्या वैशाखात आमच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. मंगल कार्यालयातील गर्दीपेक्षा घरातल्या माणसांनी चार दिवस एकत्र घालवावेत, असा चिरंजीवांचा आग्रह होता. त्याप्रमाणे सिंगापूरहून निघून पेनांग व फुकेट पाहून परत सिंगापुरास येणारी चार रात्रींची जलसफर ठरली. आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहा जण निघालो. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी जहाजावर पाऊल ठेवलेले नव्हते.

यांनी आयुष्यभर सांगलीच्या बाजारात हळदीचा व्यापार केला. दिवसाचा जमाखर्च वहीत उतरल्याखेरीज त्यांना आजही झोप लागत नाही. तिसऱ्या संध्याकाळी नातवाने खोलीतील दूरदर्शन संचावर आमच्या खात्याचा तपशील उघडून दाखविला आणि यांच्या कपाळावर आठी पडली. माणशी दररोज १८ डॉलर या दराने बक्षिसीची रक्कम आपोआप नावे टाकली जात होती. सहा माणसे आणि चार दिवस म्हणजे ४३२ डॉलर, आपल्या हिशेबाने सुमारे ३६,००० रुपये. "मागितल्याशिवाय वसूल होते ती बक्षिसी कसली?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि खरे सांगायचे तर तो मलाही पटला.

भोजनगृहात शेजारच्या मेजावर आपल्याकडचेच एक अनुभवी कुटुंब होते. त्यांनी लगेच उपाय सांगितला : "खालच्या काउंटरवर जा आणि रक्कम काढून टाकायला सांगा. आम्ही दर वेळी असेच करतो." आम्ही गेलो. काउंटरवरील मुलीने एकही प्रश्न न विचारता एक कागद पुढे केला. यांनी सही केली. परत येताना आपण शहाणपणा केला असे वाटत होते.

वेंगुर्ल्याचा मुलगा

आमची खोली आवरणारा तरुण वेंगुर्ल्याचा होता. पहिल्याच दिवशी मला मराठीत बोलताना ऐकून त्याने "काकू" म्हणून हाक मारली होती. नातीला रोज संध्याकाळी टॉवेलचा नवा प्राणी करून ठेवण्याचा त्याचा नेम होता. त्या रात्री तो पाण्याच्या बाटल्या ठेवायला आला, तेव्हा यांनी सरळच विचारले, "काय रे, आमच्या खात्यातून बक्षीस म्हणून जे कापतात, ते तुमच्यापर्यंत पोहोचते का?"

तो जरा घुटमळला. प्रवाशांकडे पैशाचा विषय काढण्यास त्यांना बंदी असते. मग म्हणाला, "पोहोचतं, काका. सगळ्यांची मिळून वाटणी होते. धोबीखान्यातल्यांनाही आणि भांडी घासणाऱ्यांनाही. आमचा पगार बराचसा त्याच्यावरच असतो." आम्ही काउंटरवर जाऊन आलो, हे त्याला ठाऊक नव्हते. तो नेहमीप्रमाणे "शुभ रात्री" म्हणून गेला. त्याच्या मागे दार लागल्यावर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीपूर्वीच आम्ही खाली गेलो आणि रक्कम पुन्हा नावे टाकून घेतली. काउंटरवरच्या मुलीने त्याही वेळी काही विचारले नाही. परतल्यावर मी या विषयाची जमेल तितकी माहिती गोळा केली. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता अशा सफरींना निघू लागली आहेत. आमची चूक त्यांच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा पैसा जातो कोठे?

आपल्या भाषेत या गोष्टीला अनेक शब्द आहेत. खूश होऊन देतो ती बक्षिसी, सणाला देतो ती दिवाळीची पोस्त, काम पुढे सरकावे म्हणून सरकवतात ती चिरीमिरी आणि परतीची अपेक्षा न धरता देतो ते दान. जहाजावरील 'ग्रॅच्युइटी' यांपैकी कशातच नीट बसत नाही, आणि आपली गफलत तेथेच होते. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीशीही तिचा संबंध नाही. अमेरिकन पद्धतीच्या जलसफरींत सेवकाचे मूळ वेतन लहान व बक्षिसीचा वाटा मोठा, अशी रचना अनेक कंपन्यांनी केलेली असते. म्हणजे तिकिटाचा दर कमी दिसतो आणि मजुरीचा काही भाग प्रवाशाच्या खात्यावर निराळा येतो.

ही रीत अमेरिकेत जुनी आहे. तेथील यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना सेवक म्हणून नेमले. त्यांना तुटपुंजा पगार दिला आणि उरलेल्या पोटाची सोय प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडली. त्या सेवकांची संघटना उभी राहावयास १९२५ साल उजाडले. जहाजांवरही पूर्वी सफरीच्या अखेरच्या रात्री वाढपी, त्याचा मदतनीस व खोलीचा सेवक यांना निरनिराळी पाकिटे देण्याचा प्रघात होता. त्यात पडद्यामागील माणसांच्या वाट्याला फारसे येत नसे. पुढे दररोज ठराविक रक्कम खात्यावर टाकण्याची पद्धत रूढ झाली.

या माणसांचा दिवस कसा असतो, तेही जाणून घेण्यासारखे आहे. सागरी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ मध्ये संमत झाला, २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. खलाशाला चोवीस तासांत किमान १० तास व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा त्यात नियम आहे. किमान विश्रांती इतकी, यावरून कामाचे तास किती लांबू शकतात हे सुज्ञांस सांगावयास नको. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात साप्ताहिक सुटीचा अखंड दिवस क्वचितच मिळतो.

यांतील बरीच माणसे फिलिपीन्स, इंडोनेशिया व भारतातील असतात. आपल्या किनाऱ्याचे आणि या नोकरीचे नाते तर फार जुने आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी व खानसामे म्हणून जाणाऱ्या गोवेकरांना गोव्यात 'तारवटी' म्हणत. बोट लागेपर्यंत त्यांना मुंबईत राहता यावे, म्हणून धोबीतलाव परिसरात गावोगावचे 'कूड' उभे राहिले. वेंगुर्ल्याचा तो मुलगा त्याच परंपरेतला.

निघण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सर्व जहाजांवर एकच नियम नसतो. म्हणून आरक्षण करतानाच प्रवास कंपनीला पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात.

१. बक्षिसी तिकिटात समाविष्ट आहे की वेगळी? ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून आपोआप लागणारी बक्षिसी बंद केली. काही उंची कंपन्यांच्या दरातही ती धरलेली असते. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत मात्र ती वेगळी असते. साध्या खोलीसाठी माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर आणि मोठ्या दालनासाठी त्याहून थोडी अधिक. मुंबईहून गोवा वा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरीच्या पावतीतही सेवाशुल्काची ओळ आहे का, हे पाहावे.

२. मुलांना ती लागते का? बहुतेक ठिकाणी मुलांनाही मोठ्यांइतकीच रक्कम लागते. अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या वगळतात.

३. आधी भरता येते का? येत असल्यास भरावी. पुढे दर वाढले तरी बहुधा जुनाच दर लागू राहतो आणि सुट्टीच्या मध्यावर धक्का बसत नाही.

तिकिटाचा खर्च मांडतानाच ही रक्कम त्यात मिळवावी, हे सर्वांत महत्त्वाचे. ती मिळवून सफर परवडत नसेल, तर एक रात्र कमी करावी वा साधी खोली घ्यावी. सेवकाच्या वाट्यातून बचत करू नये.

कोणास, किती आणि केव्हा?

दैनंदिन रक्कम भरली, म्हणजे खोलीचा सेवक, भोजनगृहातील वाढपी आणि पडद्यामागील मंडळी यांच्याविषयीचे आपले कर्तव्य पुरे होते. त्यावर आणखी देणे ही खुशी आहे, सक्ती नाही. एखाद्याने विशेष काळजी घेतली असेल, तर अखेरच्या संध्याकाळी पाकिटात घालून, त्याचे नाव लिहून, त्याच्या हाती द्यावे. उतरण्याच्या सकाळपर्यंत थांबू नये. त्या दिवशी खोल्या नव्या प्रवाशांसाठी आवरण्याची घाई असते आणि भेट होईलच असे नाही. नोटा द्याव्यात, नाणी नव्हे. परदेशी नाणी पुढे कोणी बदलून देत नाही. फिलिपिनो वाढप्याला रुपयांचाही उपयोग नाही. उरलेली खाद्याची पाकिटे किंवा वापरलेले कपडे बक्षीस म्हणून ठेवून जाणे तर अगदीच अशोभनीय.

पेयांच्या बिलावर, मग ते सरबत वा कॉफी का असेना, अमेरिकन जहाजांवर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेले असते. तरीही पावतीवर जादा रकमेसाठी एक रिकामी ओळ असते. ती पाहून पुष्कळ प्रवासी नकळत दोनदा देतात. ती ओळ रिकामी सोडण्यात काहीही वावगे नाही. मसाज व केशभूषेच्या बिलाचेही तसेच. खोलीत खाणे मागविले, तर आणून देणाऱ्यास दोन-तीन डॉलर देण्याची चाल आहे.

कप्तान, अधिकारी, अभियंते आणि वैद्य यांना बक्षीस देऊ नये. ते त्यांना अवमानकारक वाटेल. अमेरिकेच्या बंदरात सामान उचलणारे हमाल मात्र जहाजाचे नोकर नसतात. त्यांना प्रत्येक बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यावेत.

आपल्या भोजनाचा प्रश्न

हा भाग खास आपल्या वाचकांसाठी. कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वर्ज्य असल्याचे आम्ही आरक्षणाच्या वेळीच कळविले होते. तरी खरी व्यवस्था जहाजावर पाहिली ती मुख्य वाढप्याने. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाची यादी घेऊन येई, काय चालेल ते विचारी आणि स्वयंपाकघरात निराळी पातेली लावून घेई. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी भोजनाची पहिली पाळी आधीच मागून घ्यावी. दुसरी पाळी बहुधा आठच्या सुमारास असते.

शेकडो ताटांच्या घाईत आपले एक ताट वेगळे शिजते, तेव्हा कोणाच्या तरी कामात भर पडलेली असते. आपला नियम पाळण्यासाठी दुसरा माणूस राबला, याची जाण ठेवणे हाही त्या नियमाचाच भाग मानावा. अशा वेळी मुख्य वाढप्यास वेगळे पाकीट देणे उचित होय, आणि शक्य असल्यास आतील आचाऱ्यासाठीही त्याच्याच हाती द्यावे.

किनाऱ्यावर उतरल्यावर

येथे त्या त्या देशाची रीत चालते. अमेरिकेत सहलीच्या मार्गदर्शकास व चालकास माणशी काही डॉलर अपेक्षित असतात. युरोपात दोन-चार युरो पुरतात. सिंगापुरात बक्षिसीची सर्वसाधारण चाल नाही, आणि जपानमध्ये तर देऊ केलेल्या पैशाने समोरचा माणूस संकोचतो. तेथे नम्रपणे आभार मानणे पुरेसे.

तक्रार असेल तर

सेवा वाईट मिळाली, तर रक्कम कमी करून घेण्याचा अधिकार पुष्कळ कंपन्या प्रवाशाला देतात. तो अधिकार खरा आहे. पण तक्रार पहिल्या-दुसऱ्या दिवशी सांगितली, तर दुरुस्ती होऊ शकते. शेवटच्या रात्री सरसकट सगळे कापले, तर कोपऱ्यातल्या धोब्यालाही शिक्षा होते. "मी कापून घेतो आणि ज्याने काम केले त्याच्याच हातात देतो," असे काही जण म्हणतात. काही जहाजांवर, खात्यातील रक्कम काढून टाकणाऱ्या प्रवाशाने हातात दिलेले पैसेही सेवकास सामाईक निधीत जमा करावे लागतात. त्यामुळे हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही.

पैशाहून वेगळी अशी एक गोष्ट प्रत्येकाला करता येते. सफरीनंतर येणाऱ्या अभिप्रायपत्रात सेवकाचे नाव व त्याने काय केले, ते स्पष्ट लिहावे. बढती देताना अशा अभिप्रायांची दखल घेतली जाते. आम्ही तिघांची नावे लिहिली; स्पेलिंग चुकू नये म्हणून नातीने ती त्यांच्या छातीवरच्या पट्टीवरून आधीच टिपून घेतली होती.

सिंगापूरच्या विमानतळावर बसून यांनी वहीत सफरीचा जमाखर्च पुरा केला. ४३२ डॉलरच्या रकमेपुढे त्यांनी आधी 'बक्षीस' असे लिहिले होते. ते खोडून 'मजुरी' असे लिहिले, आणि त्याखाली वेंगुर्ल्याच्या मुलाला वेगळे दिलेले २० डॉलर 'पोस्त' या सदरात मांडले. मग वही मिटून ते निवांत झोपले.