पार्सल मढला कोणत्या वाटेने आणावे?

समजा, मढच्या एखाद्या मच्छीमाराने बोटीच्या इंजिनाचा सुटा भाग परदेशातून मागवला. पैसे भरताना दोन पर्याय दिसतात: टपाल की कुरिअर?

कुरिअर झटपट पोहोचते, पण बहुतेक कंपन्या खोक्याचे आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे. ५० × ४० × ३० चे खोके १२ किलोचे ठरते, मग आत तीन किलोचीच वस्तू का असेना! म्हणून विक्रेत्याला लहान खोके वापरायला जरूर सांगावे.

टपाल सहसा स्वस्त, पण संथ. त्याचा मागोवा-क्रमांक १३ चिन्हांचा असतो: दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. सुरुवातीला ‘ई’ म्हणजे जलद टपालसेवा, ‘आर’ म्हणजे नोंदणीकृत.

सीमाशुल्क मात्र दोन्हीकडे लागू शकते.

ते फक्त वस्तूच्या किमतीवर नसते. वाहतूक आणि विमाही त्यात धरतात. त्यामुळे महाग पाठवणीने शुल्कही वाढते. पाकिटावर ‘भेट’ लिहूनही ते टळत नाही: डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली. शुल्क विक्रेता आधीच भरतो की ते दारात द्यावे लागते, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.